कील जोडी क्र. 3: गुणगुण थांबली, पण प्लाय भिजला

सर्फबोर्डाच्या शेपटाखाली बसवायच्या घरी घडवलेल्या कील, म्हणजे लांब बुडाच्या फिन (पाण्यातले पंख): त्यांची जोडी क्र. 3 बोर्डावर चढली, इथवर मागच्या नोंदीत आलो होतो. मापं पुन्हा एकदा: 6 मिमी मरीन प्लाय (आयएस 710 शिक्क्याचा), बूड 8.5 इंच, उंची 5.1 इंच, दोन्ही अंगांना 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) काचकापडाचे दोन-दोन थर, आणि कडेने इपॉक्सीत भिजवलेल्या काचधाग्याची वेणी. आतलं अंग सपाट, बाहेरचं फुगीर, सगळ्यात जास्त जाडी पुढच्या धारेपासून एक तृतीयांशावर. बोर्ड तोच, 5 फूट 8 इंची फिश (आखूड, रुंद, दुभंगलेल्या शेपटाचा बोर्ड), फिन बसवायला फ्युचर्स कंपनीचे दोन बॉक्स.

फॉइल, म्हणजे फिनच्या जाडीचा उतरता आकार, या वेळी खरोखर देखणं उतरलंय. प्लायच्या थरांमधल्या डिंकाच्या रेषा घासताना उघड्या पडतात आणि नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या दिसतात. त्या सलग, एकमेकींना समांतर वळल्या की समजायचं, हात कुठे जास्त पडलेला नाही. क्र. 2 मध्ये टोकाजवळ त्या एका बाजूला ढकलल्या गेल्या होत्या. या खेपेला डावी-उजवी शेजारी ठेवली तर आरशातली प्रतिमा वाटावी इतकी जुळतात.

आणि तरीही ही जोडी गाते.

गोव्यात आश्वेला पहाटेचा मतलई वारा, कंबरभर स्वच्छ लाट, आणि वेग पकडला की बुडाखालून घुंऽऽ असा सलग सूर. डावीकडे जाताना जवळजवळ नाही, उजवीकडे जाताना प्रत्येक लाटेला. मागच्या पावलाला तो आधी जाणवतो आणि मग कानाला. बोर्डाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातला आवाज तानपुऱ्याच्या अॅपला ऐकवला तर सूर पांढरी तीनच्या आसपास, म्हणजे 330 हर्ट्झच्या जवळ. जीपीएस घड्याळात त्या वेळचा वेग ताशी 17-18 किमी.

गुणगुण आली की आधी घासायला बसू नका, आधी गुन्हेगार शोधा. क्रम असा ठेवला: पहिल्यांदा लीश (पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी) आखूड धरून पाहिली, कारण पाण्यात ओढली जाणारी दोरीही थरथरते. मग बॉक्सातला स्क्रू 3/32 इंची किल्लीने घट्ट केला आणि बॉक्सात बसणाऱ्या टॅबच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेपचा एकेक थर दिला, म्हणजे खुळखुळ उरणार नाही. मग टो, म्हणजे फिनचं पुढचं टोक किती आत वळलंय ते, मोजला. फिनच्या बुडाचं पुढचं आणि मागचं टोक स्ट्रिंगरपासून (बोर्डाच्या मधोमध जाणाऱ्या पट्टीपासून) किती लांब ते बघायचं. दोन्हीकडे फरक 4 मिमी आला, म्हणजे बॉक्स सरळ आहेत. शेवटी उजवी कील काढून तिथे क्र. 2 ची उजवी बसवली. सूर गायब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर तीन दिवस पाण्यात घालवूनही काही कळत नाही.

आता व्हर्नियर. मागच्या धारेची जाडी मधोमध डावीला 1.9 मिमी, उजवीला 3.0 मिमी. वेणी बसवताना उजवीला रेझिन जास्त साठलं होतं आणि घासताना सगळं लक्ष फॉइलवर राहिलं.

हा फरक एवढा का भोवतो? बोथट धारेमागे पाणी एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने असे भोवरे सोडतं. सेकंदाला किती भोवरे सुटतात याचा ढोबळ हिशेब म्हणजे 0.2 गुणिले वेग भागिले धारेची जाडी. सेकंदाला 5 मीटर वेग आणि 3 मिमी जाडी घातली की उत्तर 333 येतं. अॅपने दाखवलेला सूर आणि हा आकडा असे एकमेकांवर बसले तेव्हा फार आनंद झाला. भोवऱ्यांची ही गती फिनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की फिन त्यांना साथ देते आणि सूर मोठा होतो. धार पातळ केली की भोवरे लहान होतात, सूर चढतो आणि जोर जातो. उजवीकडे जाताना उजवी फिनच लाटेच्या भिंतीत खोल असते, म्हणून दिशेचा पुरावाही तिच्याकडेच बोट दाखवत होता.

इलाज सोपा वाटला आणि तिथेच घात झाला. धार 3 वरून 0.8 मिमीवर आणायची तर 2.2 मिमी काढायचे. छान लांब उतार हवा म्हणून 1:6 धरला. म्हणजे धारेपासून 13 मिमी आतपर्यंत घासणं आलं. काचधाग्याची वेणी होती फक्त 4 मिमी रुंद. 120 च्या पेपरने काम चालू असताना पांढुरक्या काचेतून तपकिरी रेषा वर आली, म्हणजे कापड संपून प्लाय उघडा पडला. पाणी अडवायला त्यावर नुसता रेझिनचा पातळ हात मारला आणि फिन पाण्यात गेली. चार दिवसांत धारेलगत 11 सेंमी लांब पट्टा काळपट झाला आणि नखाने दाबला जाऊ लागला. मरीन प्लायचा डिंक पाण्याला दाद देत नाही, पण लाकडाची उघडी टोकं स्पंजासारखी पितात. रेझिनच्या पातळ हाताला समुद्रात काही अर्थ नाही, वर काच हवीच.

भिजलेली कील वाचवायची रीत: गोड्या पाण्यात रात्रभर ठेवून मीठ काढा, मग पंख्याखाली, सावलीत वाळवा, उन्हात नको. कोरडी झाली हे डोळ्यांनी ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज ठेवा. इथे 118 ग्रॅमवरून 109 वर यायला सहा दिवस लागले, आणि सलग दोन दिवस काटा हलला नाही तेव्हाच पुढचं काम. मऊ लाकूड खरवडून काढा, पहिला हात नुसत्या पातळ इपॉक्सीचा, तो चिकट असतानाच बारीक कातरलेला काचधागा कालवलेलं घट्ट इपॉक्सी भरा. लाकडाचा भुसा कालवू नका, ती धार पुन्हा पाणी पिईल. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा, पेपर नंतर. आधी पेपर मारला तर तो थर आत रगडला जातो आणि वरचा हात पापुद्र्यासारखा सुटतो.

मग लांब उताराचा हट्ट सोडला. आखूड तिरका काप, एकाच अंगाला, 30 अंशांचा. 2.2 मिमी काढायला या कोनात जेमतेम 3.8 मिमी लांबी लागते, म्हणजे 4 मिमी वेणीत बसतं. जहाजांचे पंखे गायला लागले की त्यांच्या मागच्या धारेलाही असाच काप देतात. काप बाहेरच्या फुगीर अंगाला दिला, कारण सपाट अंग टेबलावर पालथं पडतं आणि कोन सांभाळणं सोपं जातं. टेबलाच्या कडेला फिन दोन क्लॅम्पनी धरायची, सागाच्या गुटक्यावर 120 चा पेपर गुंडाळून एकाच दिशेने लांब हात, मग 220, शेवटी 400 पाण्यासोबत. पेपर बोटाने धरू नका. बोट धार गोल करतं, आणि गोल धारेवरून पाणी नेमकं कुठे सुटेल हे ठरत नाही. तसली धार जास्तच गाते. कोपरा कडक राहू द्या, फक्त बोट कापणार नाही इतपत 400 चा एक हलका हात.

परवा मांद्र्याला पहिली फेरी. शांत. पुरती शांत. ताशी 19 किमीलाही पायाखाली फक्त पाण्याचा सळसळाट. जोडी सारखी राहावी म्हणून डावीलाही तसाच काप दिला.

आवाज गेल्यावर कीलचा स्वभाव नीट कळतो. लांब बुडामुळे फिश कमकुवत लाटेतही पंप न करता (बोर्ड वरखाली दाबून वेग न काढता) पळते आणि वळण लांब, कमानीसारखं निघतं. मात्र लाटेच्या ओठाखाली झटकन फिरवायला गेलं की ती अडते, मागचा पाय दाबून उपयोग नाही, कडेवर झुकूनच वळवावी लागते. क्र. 2 उभी आणि आखूड बुडाची, तिची तऱ्हा उलटी: जागेवर गिरकी, पण जोर दिला की शेपूट घसरतं. ही घसरण ट्विन फिनचा, म्हणजे दोन फिनांच्या बोर्डाचा, जुनाच आजार. ऑस्ट्रेलियाच्या सर्फर मार्क रिचर्ड्सने 1979 ते 1982 ओळीने चार जगज्जेतेपदं ट्विनवर मिळवली, आणि 1981 मध्ये सायमन अँडरसनने तीन फिनांच्या थ्रस्टरवर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकली ते मागच्या मधल्या फिनने ही पकड परत आणून. आपल्याकडच्या ऑक्टोबरनंतरच्या लाटेत पकडीपेक्षा वेगाची चणचण जास्त, म्हणून माझं मत कीललाच.

ठरलं होतं की क्र. 4 पुन्हा प्लायचीच, वेणी तेवढी 15 मिमी. रेझिनही बदलायचा विचार होता, पण तो सोडला. स्वस्तातलं पॉलिस्टर फायबरच्या दुकानात सहज मिळतं, पण वासाने घर डोक्यावर घेतं. शिवाय कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर वेगळ्या बाटल्यांत येतात आणि ते दोन थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. प्लायवर इपॉक्सीच बरं, महाग असलं तरी.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, गाभ्यात लाकूड हवंच कशाला? विजेच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे 6 मिमीची ग्लास-इपॉक्सी शीट मिळते, जी-10 म्हणून मागायची. आरपार काच, त्यामुळे धार हवी तिथे हवी तेवढी लांब उतरवा, पाणी प्यायला आत काही नाहीच. थरांच्या रेषा त्यातही दिसतात. तोटा वजनाचा: घनता 1.85 च्या आसपास, म्हणजे एक कील 170-180 ग्रॅमला जाईल. आणि धूळ. ग्राइंडर लावायचा तर उघड्यावर, पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगला मास्क. धार मात्र हाताने, पाणी मारत कानशीने.

म्हणून क्र. 4 आता जी-10 ची, साचा क्र. 3 चाच, म्हणजे तुलना सरळ होईल. मागची धार सुरुवातीपासून 1 मिमी, उतार 1:6. उरलेल्या प्लायमधून क्र. 2 च्या साच्याची उभी जोडी निघते का ते मोजून पाहिलं: बूड 5 इंच धरलं तर निघते, फक्त टॅबचा भाग शीटच्या कडेला अर्धा इंच कमी पडतो.