उजेड कुठून टाकायचा: आमची वाटचाल

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या स्टुडिओत वडिलांनी आयुष्यभर लग्नाचे, मुंजीचे आणि पासपोर्टचे फोटो काढले. समोरून फ्लॅश मारला की चेहरा सपाट होतो, बाजूनं दिवा ठेवला की उठून येतो, हे त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. आज आमच्याकडे मोडी कागद, ताडपत्रं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि शिलालेख येतात, माणसाचा चेहरा क्वचित. काम मात्र तेच आहे.

हातोहाती मोबाइल आले आणि स्टुडिओ बसत चालला, त्या काळातली गोष्ट. पावसाळ्यात खानापूरकडचे एक शेतकरी काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आले. घराची भिंत पडली होती, पेटी भिजली होती. "ह्याचा झेरॉक्स निघंना झालाय. तुमच्याकडं काय तरी करून बघा की." मोडीतला हाती बनवलेला कागद, अर्ध्याहून अधिक भागावर तपकिरी डाग, त्याखाली काही दिसेना.

काजळ आणि डिंकाची जुनी शाई अवरक्त किरण शोषून घेते आणि पाण्याचे डाग तिथं जवळजवळ दिसतच नाहीत, एवढं मी वाचलं होतं. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १००० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तातही, बघू शकतो, पण कंपनी त्याच्यासमोर काच बसवून अवरक्त प्रकाश अडवते. माझा एक जुना कॅमेरा उघडून ती काच काढली. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळपास नसतोच, म्हणून सीसीटीव्हीला लावतात ते ८५० नॅनोमीटरचे दिवे आणले. खोलीत अंधार केला, फोकस पुन्हा जुळवला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर डाग नव्हता. बोरूनं ओढलेली ओळ, तिच्याखाली लोंबणारी अक्षरं, सगळं काळंभोर. मला मोडी येत नाही, काकांनाही नाही. आम्ही दोघं नुसतेच बघत बसलो. पुढे गावातल्या एका मोडी वाचकाकडून वाचून घेतलं, तेव्हा त्यात शेताची शीव आणि काकांच्या खापरपणजोबांचं नाव निघालं.

त्या एका फोटोवर मी धंदा बदलायचं ठरवलं. घरच्यांना पटायला दोन वर्षं लागली.

पुढच्याच एका कामानं मला जमिनीवर आणलं. इंग्रजी अमदानीतले निळ्या-काळ्या शाईचे कागद आले. अवरक्तमध्ये फोटो काढला, तर लिहिलेलं पुसट होऊन जवळपास गेलंच. मी घाबरलो. ती लोहयुक्त शाई होती, अवरक्तमध्ये ती फिकट होत जाते. तिच्यासाठी उलटं करावं लागतं: ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावायचा. कागद मंद उजळतो, शाई उजळत नाही आणि अक्षरं गडद होऊन वर येतात. तेव्हापासून आधी शाई ओळखायची आणि मगच दिवा निवडायचा, असा आमचा नेम आहे.

याच अतिनील दिव्यानं एक मोठं गिऱ्हाईकही घालवलं. शिवकालीन म्हणून सांगितलेला एक कागद त्यांना आमच्या सहीनिशी हवा होता. दिव्याखाली तो निळसर पांढरा लखलखला. कागदात अशी चमक आणणारी रसायनं १९५० च्या आसपासपासून वापरात आली, जुना हातकागद असा लखलखत नाही. मी सही दिली नाही. ते परत आले नाहीत, आणि त्यांच्या ओळखीतली तीन कामंही गेली. त्याची मला खंत नाही.

खंत वेगळ्याच गोष्टीची आहे. चिकोडी भागातल्या एका जैन घराण्याची ताडपत्रं होती. ताडपत्रावर आधी टोकदार लेखणीनं कोरतात आणि मग त्या ओरखड्यांत काजळी भरतात. काजळी निघून गेली तरी ओरखडे राहतात, बाजूनं उजेड टाकला की वाचता येतात. मी हॅलोजन दिवा वापरला, तो फार तापतो. दहा मिनिटांत पान कडेनं वळलं. चिरलं नाही, पण वळलं ते वळलंच. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे हॅलोजन नाही आणि टेबलावर उजेड मोजणारा लक्समीटर असतो. कागद-ताडपत्र प्रदर्शनात ठेवायचं तर ५० लक्सची मर्यादा पाळतात. फोटोला जास्त उजेड लागतो, म्हणून वेळ कमी करायचा. इजा साठत जाते: ५० लक्सचे आठ तास आणि ४०० लक्सचा एक तास सारखेच.

दगडाचं काम सगळ्यात आवडतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर, रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं १२०४ मध्ये बांधलेलं, मी लहानपणापासून बघत आलोय. छताच्या कमळाचा समोरून फ्लॅश मारून काढलेला फोटो पोळीसारखा सपाट येतो. अशा कोरीव कामासाठी २००१ साली एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि डॅन गेल्ब यांनी एक पद्धत काढली. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा मात्र चारी बाजूंनी फिरवत चाळीस-पन्नास फोटो काढायचे. वस्तूशेजारी चकचकीत गोळे ठेवायचे. गोळ्यावरच्या चमकेवरून दिवा कुठं होता हे संगणक ओळखतो. मग स्क्रीनवर माउसनं उजेड हवा तिकडून टाकता येतो. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आमचे गोळे उद्यमबागेतल्या कारखान्यांकडून आणलेले, बेअरिंगचे, वर गाडीचा काळा रंग.

खानापूर तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावरचा वीरगळ आम्ही अमावास्येच्या आसपास, रात्री केला. दिवसा उन्हामुळे दिव्याचा उपयोग होत नाही. भाचा दिवा धरून होता. अंतर सारखं राहावं म्हणून दिव्याला दोरी बांधलेली, पण दोरीचं टोक दगडाला टेकवायचं नाही, नुसतं जवळ आणून सोडायचं. ४८ फोटो, सव्वा तास. खालच्या पट्टीत गुरं आणि लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वर शिवलिंग, चंद्र-सूर्य. पट्ट्यांच्या मध्ये चार ओळी हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड. दुसऱ्या दिवशी निवृत्त कन्नड मास्तर लॅपटॉपसमोर बसले. "स्वल्प डावीकडं घे. अजून खाली. निल्लू, निल्लू." म्हणजे थांब, थांब. गुरं सोडवताना पडलेल्या माणसाचा तो लेख. शेजारच्या घरातली आजी दर अमावास्येला तिथं दिवा लावते, ती मराठी. तिनं एवढंच विचारलं, "नाव आलं काय ओ त्यात?" नाव असायला हवं तिथं टवका उडालेला होता. जे दगडावरून गेलंय ते उजेडानं परत येत नाही.

आणि जे आहे ते आपण ऑइल पेंटनं बुजवतोय. जत्रेच्या आधी भक्तीनं रंग देतात, राग कुणाचाच धरता येत नाही, पण अक्षराच्या खाचा भरून जातात. लेसरनं निघेल का, असं लोक विचारतात. १९७२ मध्ये व्हेनिसमध्ये जॉन अस्मस यांनी संगमरवरावरची काळी पुटं लेसरनं काढून दाखवली. ती जमली कारण काळं पुट लेसर शोषून घेतं आणि पांढरा दगड तो परतवतो. आपला दगडच काळा, तिथं हा आधार उरत नाही. तेव्हा मी सांगतो, रंग देऊ नका, आणि दिलाच असेल तर घरचं थिनर किंवा तारेचा ब्रश लावू नका.

आता आम्ही चौघं आहोत. पगार कागदपत्रांच्या कामावर निघतो. गावच्या दगडाचे पैसे घेत नाही. ज्यांच्या बांधावर, तळ्याकाठी किंवा देवळामागे कोरलेला दगड असेल आणि यंदा जत्रेला रंगाचा डबा आणायचं ठरलं असेल, त्यांनी आधी आम्हाला एक रात्र द्यावी. बांधावरून वीज ओढायला लांब वायर आमच्याकडे आहे.