पत्ते वाटणारा दुसरा राउटर

मार्चअखेरीला पतसंस्थेतले संगणक अडले की सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळतं. व्याजआकारणी, ताळेबंद, मुदत संपलेल्या ठेवींच्या पावत्या, आणि त्यात लेखापरीक्षक येऊन बसलेले. तालुक्याच्या गावातल्या अशाच एका संस्थेच्या संगणकांची देखभाल मी करतो. सकाळी व्यवस्थापक मॅडमचा फोन आला. "दादा, कॅशियरचं मशीन व्यवस्थित चालतंय. बाकीच्यांना सर्व्हर सापडत नाही, नेट नाही, प्रिंट नाही. फॉरमॅट मारावं लागेल का?"

"कशालाही हात लावू नका, येतोच," म्हणालो. फॉरमॅट हा आपल्याकडे सरसकट दिला जाणारा उपाय आहे आणि मला त्याची मनापासून चीड आहे. विंडोज नव्यानं टाकण्यात दिवस जातो आणि मूळ दुखणं जागच्या जागीच राहतं.

वाटेत विचार करत होतो. सर्व्हर बंद असता तर कॅशियरचंही काम अडलं असतं. केबल तुटली असती तर एकच मशीन गेलं असतं. कॅशियरच्या मशीनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा ओळख क्रमांक, हातानं घालून दिलेला होता. बाकीची मशीन तो रोज राउटरकडून मागून घेत होती. शंका तिथेच आली.

पोचल्यावर एका अडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिलं. त्यात तीन ओळी पाहायच्या: आयपी पत्ता, डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचा दरवाजा) आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा). पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला उत्तर कोणी दिलंच नाही असं समजावं. इथे उत्तर मिळालेलं होतं, पण भलत्याकडून. आमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, आणि मशीनला मिळाला होता १९२.१६८.०.१०३. डीएचसीपी सर्व्हर म्हणून १९२.१६८.०.१ लिहिलेलं होतं. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर घरगुती वाय-फाय राउटरचं लॉगिनचं पान समोर आलं.

संगणक सुरू होताना 'मला पत्ता द्या' अशी हाक साऱ्या नेटवर्कला घालतो. दोघांनी उत्तर दिलं, तर सहसा आधी आलेलं उत्तर धरतो. हा पाहुणा राउटर आमच्या राउटरच्या आधी उत्तर देत होता.

आता तो आहे कुठे? सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो स्विच साधा, चोवीस पोर्टचा. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय हे तो सांगत नाही. मग लॅपटॉप स्विचला जोडून 'पिंग १९२.१६८.०.१ -टी' चालू ठेवलं, म्हणजे त्या पत्त्याला सतत हाक मारून उत्तर येतंय का ते पाहत राहिलो, आणि एकेक केबल काढून परत लावू लागलो. त्याआधी कॅशियरना हातातली नोंद पूर्ण करायला लावली. चालू व्यवहारात सर्व्हरशी संपर्क तुटला तर अर्धवट नोंदीचा घोळ निस्तरण्यात संध्याकाळ जाते. एक केबल काढताच उत्तरं थांबली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, म्हणून हातानं माग काढत गेलो, तर संचालक मंडळाच्या खोलीत पोचलो.

तिथे कपाटामागे राउटर होता. लेखापरीक्षकांच्या लॅपटॉपला नेट हवं होतं, म्हणून शिपाईदादांनी आदल्या संध्याकाळी तो घरून आणून बसवला होता, आणि भिंतीतली केबल पिवळ्या पोर्टमध्ये खोचली होती. त्या राउटरवर निळा पोर्ट बाहेरून येणाऱ्या नेटचा होता. केबल त्यात असती, तर पत्ते वाटणं त्याच्या मागच्या लॅपटॉपपुरतं राहिलं असतं. त्यांना कोणी बोलू नये, असं मी मॅडमना आधी सांगितलं. त्यांनी संस्थेचं काम अडू नये म्हणूनच धडपड केली होती.

राउटर काढला. प्रत्येक मशीनवर जुना पत्ता सोडायला 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग नवा मागायला '/रिन्यू' दिलं, आणि सर्व्हर दिसू लागला. लेखापरीक्षकांसाठी मुख्य राउटरवरच गेस्ट नेटवर्क सुरू करून वेगळा पासवर्ड दिला. पाहुण्यांचे लॅपटॉप ठेवीदारांच्या नोंदी असलेल्या नेटवर्कमध्ये मला नकोच होते. निघण्याआधी साऱ्या केबलींना दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवले. डीएचसीपी स्नूपिंग (परवानगी नसलेल्या पोर्टवरून पत्ते वाटू न देण्याची सोय) असलेला स्विच घेतला तर असा पाहुणा पोर्टवरच अडवता येतो, हे मॅडमना समजावून सांगितलं. त्यांनी नव्या स्विचचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत लिहून घेतला.