सेटिंगचे दोन तास आणि प्लेटरकडचे दिवस

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड... कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यात, डोकावलं की मालाचा ढीग आणि मालाची शॉर्टेज एकाच छपराखाली दिसते. एका ब्रॅकेटचे क्रेट भिंतीला लागून छातीपर्यंत रचलेले, आणि ज्या क्लिपसाठी गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधून सकाळपासून फोन येतायत तिची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) अजून रॅकवरच. यावर मालकाचं उत्तर ठरलेलं असतं: आणखी एक प्रेस घेऊ. पण बहुतेक वेळा प्रेस कमी नसते. लॉट, म्हणजे एका वेळी काढलेला माल, मोठा असतो, आणि तो मोठा असतो कारण डाय बदलायला, म्हणजे सेटिंगला, दोन तास लागतात.

आकडे मांडून बघू. समजा, 100 टनांच्या एका प्रेसवर 12 पार्ट चालतात आणि प्रत्येकाचे रोज 400 पीस लागतात. मिनिटाला 10 पीस निघाले तर एका पार्टला 40 मिनिटं, बारांना मिळून 480. दोन शिफ्टमध्ये चहा, जेवण आणि किरकोळ बंद वजा जाता 840 मिनिटं हातात राहतात असं धरलं, तर सेटिंगसाठी उरली 360. सेटिंग 120 मिनिटांची असेल तर दिवसाला तीनच डाय बदलता येतात. म्हणजे प्रत्येक पार्टची पाळी चार दिवसांनी येणार, आणि एका वेळी 1600 पीस काढावेच लागणार. तीच सेटिंग 30 मिनिटांवर आणली की त्याच 360 मिनिटांत बारा डाय बदलता येतात. रोज प्रत्येक पार्ट, लॉट 400 चा. प्रेस तीच, माणसं तीच, दिवसाचं उत्पादनही तेवढंच.

इथे एक घोळ हमखास होतो. सेटिंगचा वेळ वाचला की सुपरवायझर तो वेळ जास्त पीस काढण्यात घालवतो, कारण त्याला शाबासकी पीसवर मिळते. मग ढीग आणखी वाढतो आणि 'एवढं करून फायदा काय झाला' हा प्रश्न मीटिंगमध्ये येतो. वाचलेला वेळ डाय जास्त वेळा बदलण्यात खर्च व्हायला हवा.

लॉट किती मोठा असावा याचं कॉलेजात शिकवलेलं सूत्र इथे थोडी दिशाभूल करतं. फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलेल्या त्या सूत्रात वर्गमूळ आहे. सेटिंगचा खर्च चौथाई झाला तर लॉट फक्त निम्मा होतो. पण ते सूत्र सेटिंगच्या वेळेला पैसे लावतं. प्रेस त्या वेळी नाहीतरी रिकामीच राहणार असेल आणि सेटरचा (डाय बदलणाऱ्या कामगाराचा) पगार तोच असेल, तर सेटिंगच्या तासाला मशिन-अवर रेट (मशिनचा ताशी दर) लावणं हा नुसता कागदावरचा खर्च झाला. मोकळी मिनिटं मोजून लॉट काढला तर तो 1600 वरून 400 वर येतो, 800 वर अडत नाही.

आता दोन तासांचे 30 मिनिटं कसे करायचे. या कामाची पद्धत जपानच्या शिगेओ शिंगो यांनी बसवली. सुरुवात 1950 मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो या कारखान्यात झाली, आणि 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली. छोट्या शॉपला तीन मिनिटांचा ध्यास नको. तिथे हायड्रॉलिक क्लॅम्प आणि डाय-कार्ट नाहीत, आणि त्यांच्याशिवायही अर्धा तास गाठता येतो.

आधी एक पूर्ण सेटिंग मोबाइलवर सलग शूट करा. जुन्या लॉटच्या शेवटच्या पीसपासून नव्या लॉटच्या पहिल्या ओके पीसपर्यंत. मग सेटरला सोबत बसवून बघा. त्याच्या पाठीमागे बघितलंत तर पुढचं शूटिंग नाटकी होईल. प्रेस थांबलेली असताना सेटर डाय आणायला रॅककडे जातो, मग लांब टी-बोल्ट शोधतो, मग 24 चा पाना शेजारच्या प्रेसवरून आणतो, मग कॉइल कुठली ते विचारायला स्टोअरला जातो. खरं काम त्याच्या मधेमधे चाललेलं असतं. ही सगळी धावपळ आधीचा लॉट चालू असतानाच उरकायची: डाय, क्लॅम्प, बोल्ट, पाना, पत्रा, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर प्रेसशेजारी येऊन उभे राहिले पाहिजेत. एवढ्यानेच मोठा तुकडा कापला जातो, खर्च जवळजवळ शून्य.

पुढचं काम डायवर करावं लागतं. प्रत्येक डायची शट हाइट (बंद डायची उंची) वेगळी असली की दर वेळी रॅमचा (प्रेसच्या खालीवर होणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवा, ट्रायल मारा, पुन्हा फिरवा. त्यापेक्षा डायच्या खाली प्लेट कायमची बोल्ट करून सगळ्यांची उंची एक करावी. 220 ची असो वा 250 ची, सगळ्या 280 मिलिमीटरवर आणायच्या. तसंच खालच्या प्लेटच्या क्लॅम्पिंगच्या कडेची जाडी एकच, सगळे बोल्ट एम-16 आणि एकाच लांबीचे, वरच्या शँकचा (रॅममध्ये बसणाऱ्या दांड्याचा) व्यास एकच. मग एकच पाना पुरतो. बोल्स्टरवर (प्रेसच्या खालच्या टेबलावर) जागा पक्की करणाऱ्या दोन लोकेटिंग पिन आणि डायच्या प्लेटला त्यांना जुळणारे खाचे दिले की डाय हातोडीने ठोकून सरळ करण्याचा कार्यक्रम संपतो. कडेला यू-स्लॉट असला की नट पूर्ण काढावाच लागत नाही. नट आवळला जातो तो शेवटच्या फेऱ्यात, आधीचे सगळे फेरे वाया.

हे करताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. डायला धार लावली की तिची उंची घटते. दर ग्राइंडिंगला 0.2-0.3 मिलिमीटर गेले तरी चार-पाच वेळांनी मिलिमीटरभराचा फरक पडतो, पंच कमी आत जातो, आणि सेटर गुपचूप रॅमचा स्क्रू फिरवायला लागतो. एकाने फिरवला की पुढच्या अकरा डायची सेटिंग गेली. म्हणून धार लावतानाच घासलेल्या भागाखाली तेवढी शिम (पातळ पट्टी) घालायची, आणि ती नोंद डायच्या कार्डावर. लॉटचा शेवटचा पीस तारेने डायलाच बांधून ठेवावा. त्याची बर (कापलेल्या कडेला उरलेली खरखरीत किनार) बघून धार लावायची की नाही ते लगेच ठरतं, दोन दिवसांनी प्रेसवर चढवल्यावर नाही.

आणि वेळ कितीही वाचवायचा असला तरी मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय डायमध्ये हात जाता कामा नये. यात तडजोड नाही.

डाय बसली तरी प्रेस उभीच राहते, कारण पहिला पीस पास करणारा इन्स्पेक्टर दुसऱ्या शेडमध्ये असतो. चार मापांचा गो-नो गो गेज (पीस मापात आहे की नाही एवढंच सांगणारा) आणि तपासायचा अधिकार सेटरलाच द्या. इन्स्पेक्टरने मागाहून सही करावी.

शॉपच्या गेटबाहेर मात्र वेगळंच चित्र असतं. पार्ट प्लेटिंगला, म्हणजे धातूचा थर चढवायला बाहेरच्या प्लेटरकडे, जातो आणि तिथे किती दिवस बसतो हे कुणी नीट सांगू शकत नाही. त्यासाठी जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम पुरेसा आहे: पडून असलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे सरासरी दिवस. जॉबवर्कची चलनं (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाच्या पावत्या) उघडा आणि अजून परत न आलेले पीस मोजा. 14,400 पीस बाहेर आहेत आणि रोज 4,800 परत येतात, तर मुक्काम तीन दिवसांचा. झिंक प्लेटिंगचं बॅरल (पार्ट भरून फिरवायचं पिंप) त्यातले थोडेच तास घेतं. उरलेला वेळ बॅरल भरण्याची वाट. त्यामुळे 1600 चा लॉट चार दिवसांनी पाठवण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी, एकाच टेम्पोने, एकाच जाडीच्या थराचं आणि एकाच पॅसिव्हेशनचं (झिंकवरच्या रासायनिक थराचं) काम एकत्र करून पाठवलं तर प्लेटरलाही बॅरल लावणं सोपं जातं.

घाईत कापली जाते ती नेमकी बेकिंगची पायरी. साध्या पत्र्याच्या ब्रॅकेटला तिची गरज नसते. पण कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलच्या क्लिपमध्ये पिकलिंग (आम्लात बुडवून साफ करणं) आणि प्लेटिंगमधून हायड्रोजन शिरतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये टाकून 190 ते 220 अंशांवर कित्येक तास ठेवलं नाही, तर क्लिप तपासणीत पास होते आणि गाडीत बसवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी तुटते. चलनावर 'अर्जंट' लिहिणाऱ्याने बेकिंगची वेळही लिहावी.

कोणाचा लॉट आधी लागतो ते बॅरलइतकंच बिलावर ठरतं, हेही खरं. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. 2024-25 या कर आकारणी वर्षापासून ही मुदत चुकली तर तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षातच वजा करता येतो. प्लेटरला वेळेवर पैसे देणं हा लीड टाइम (माल हातात यायला लागणारा वेळ) कमी करण्याचा स्वस्त उपाय आहे, पण तो पर्चेसच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

शेवटी कार्डांचा हिशोब. प्रत्येक क्रेटला एक कार्ड, म्हणजे जेवढी कार्डं तेवढेच क्रेट फिरत राहतात. रोजची गरज गुणिले दिवस, त्यावर राखीव म्हणून 20 टक्के, भागिले क्रेटमधले पीस (समजा 100). चार दिवसांची पाळी आणि तीन दिवस प्लेटिंग धरले तर 400 गुणिले 7 गुणिले 1.2 भागिले 100, म्हणजे 33.6, कार्डं 34. रोजची पाळी झाली की 400 गुणिले 4 गुणिले 1.2 भागिले 100, म्हणजे 19.2, कार्डं 20. पण 34 वरून थेट 20 वर उडी मारू नये. दर आठवड्याला तीन-चार कार्डं काढा. ज्या आठवड्यात माल अडेल तिथे थांबून कारण शोधा: डायची धार, पत्र्याची कॉइल की प्लेटरची सुट्टी. ते दुरुस्त झाल्यावरच पुढचं कार्ड काढा. आणि गिऱ्हाइकाचं शेड्यूल महिनाअखेरीला फुगत असेल तर कार्डं वाढवण्याआधी त्यांच्या प्लॅनिंगवाल्याकडून पुढच्या पाच दिवसांचं पक्कं शेड्यूल मागून घ्या.