धुराडं, वाटाणे आणि इयर सिक्स

मंगळवार, 6 मे 2025

काल बँक हॉलिडे होता, त्यामुळे शाळेचा आठवडा आज सुरू झाला. पुढच्या सोमवारपासून माझ्या लेकीच्या, रेवाच्या सॅट्स. आईला फोनवर पुन्हा एकदा समजावलं: इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा इयर सिक्सला, म्हणजे पोर दहा-अकरा वर्षांचं असताना संपते, आणि शेवटच्या वर्षी मे महिन्यात देशभर चार दिवस ही परीक्षा असते. गुण 80 ते 120 मध्ये येतात. 100 मिळाले की अपेक्षित पातळी गाठली. "म्हणजे स्कॉलरशिपसारखी," आई म्हणाली. नाही गं. पैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही, आणि सेकंडरी शाळांच्या जागा तर मार्चमध्येच वाटून झाल्यात. मग परीक्षा कुणाची? माझ्या मते शाळेची. पोरं नुसती पेपर लिहितात.

वर्गात मात्र आज सॅट्सपेक्षा रोम जोरात होतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, 21 एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले आणि उद्यापासून कॉन्क्लेव्ह, म्हणजे नवा पोप निवडायची बंद दाराआडची बैठक. मतदार कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, 133, निवडून यायला दोन-तृतीयांश मतं हवीत. तर किती? गणिताच्या मिसनं फळ्यावर एवढंच लिहिलं. उत्तर येतं 88 पूर्णांक दोन-तृतीयांश, आणि दोन-तृतीयांश कार्डिनल कुठून आणणार, म्हणून 89. अपूर्णांक वर का ढकलायचा, हे रेवाला वर्षभर सराव-पुस्तकातल्या बस आणि सहलीच्या उदाहरणांवरून पटत नव्हतं. आज पटलं.

मग त्यांनी वर्गातच कॉन्क्लेव्ह भरवलं. वर्गात आज 29 मुलं, म्हणजे 20 मतं लागणार. चिठ्ठ्या घडी घालून डब्यात. निकाल लागला नाही की खिडकीला काळा कागद, रोममध्ये धुराड्यातून काळा धूर सोडतात तसा; पोप निवडला गेला की पांढरा. जेवणाच्या घंटेपर्यंत काळाच होता, कारण प्रत्येक जण आपल्या मित्रालाच मत देत होता. मध्येच रेवानं हात वर केला: मुली कार्डिनल होऊ शकत नाहीत, तर मी मत का देतेय? मिसनं ना हसण्यावारी नेलं, ना विषय बदलला. प्रश्न चिकटचिठ्ठीवर लिहून भिंतीवरच्या प्रश्नांच्या फलकावर लावायला सांगितला. तो अजून तिथंच आहे म्हणे.

हे ऐकून मला आमचं नाशिकचं कॉन्व्हेंट आठवलं. तिथं कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला उठून जायची आणि उरलेले आम्ही मॉरल सायन्सच्या तासाला बसायचो. खरं बोलावं, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, कचरा टोपलीत टाकावा. गळ्यात क्रूस घातलेल्या सिस्टर आमच्याशी येशूबद्दल अवाक्षर काढत नसत. सकाळच्या प्रार्थनेतलं 'अवर फादर' मात्र सगळ्यांना तोंडपाठ. त्याचा अर्थ कुणाला विचारावा असं डोक्यातही आलं नाही, आणि आमच्या पालकांनाही ते तसंच बरं वाटत होतं. धर्म त्यांचा, इंग्रजी आपलं, असा बिनबोलाचा करार होता तो.

इथं उलट. मिल्टन कीन्समधली आमची ही कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही, पण धर्माचा अभ्यासक्रम चर्चचा. प्रवेशात बाप्तिस्मा झालेल्यांना पहिला मान, आम्हाला जागा मिळाली ती त्या वर्षी उरल्या म्हणून. बिशप मंडळींचा दंडक असा की शिकवण्याच्या वेळेपैकी 10 टक्के वेळ धर्मशिक्षणाला, म्हणजे आठवड्याला अडीच तासांच्या आसपास. पालकांना मुलाला त्या तासातून काढून घेता येतं. आम्ही काढलं नाही. सुरुवातीला कारण साधं होतं: एकटी पोर लायब्ररीत बसून काय करणार?


बुधवार, 7 मे

रात्री दप्तर आवरलं. सहामाहीतल्या जुन्या वह्या अजून तळाशी. विज्ञानाची आणि धर्माची वही एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये केळ्याचा डाग.

विज्ञानाच्या वहीत उत्क्रांती. इयर सिक्सच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 'उत्क्रांती आणि आनुवंशिकता' हा धडा आहे, कॅथलिक शाळेतही तो शिकवतात. फिंच पक्ष्यांच्या चोची, मेरी अ‍ॅनिंगनं लाइम रीजिसच्या कड्यांतून काढलेले जीवाश्म, डार्विन, वॉलेस. आणि वाटाणे. उंच, बुटके, हिरवे, पिवळे, चौकटी आखून. मेंडेल हा ब्रनो शहरातल्या मठातला ऑगस्टीनियन पंथाचा संन्यासी, त्यानं मठाच्या बागेत वाटाण्यांची पैदास करून 1866 मध्ये आनुवंशिकतेवरचा निबंध छापला, हे मला कॉलेजात कुणी ठासून सांगितलं नव्हतं. इथल्या मिसनं मात्र अभिमानानं सांगितलं. आपल्या घरातला माणूस ना!

धर्माच्या वहीत त्याच महिन्यात उत्पत्तीचं पुस्तक. सहा दिवसांत सृष्टी. मला वाटलं, आता पोर गोंधळणार. पण धडा सुरू होतो तोच या प्रश्नानं, की हे लिखाण कोणत्या प्रकारचं आहे? बातमी, काव्य, कथा की हिशेब? महास्फोटाच्या सिद्धान्ताची मुळं ज्यांच्या कामात आहेत ते जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियन धर्मगुरू होते, हेही तिथं एका चौकटीत.

खाली रेवाचा परिच्छेद: विज्ञान 'कसं' ते सांगतं आणि बायबल 'कुणी आणि का' ते. हे वर्गातल्या सगळ्यांनी लिहिलं असणार, फळ्यावरचं वाक्य आहे ते. त्याच्या बाजूला मिसच्या हिरव्या पेनानं: 'हे तुला पटतं का? कारण दे.' इथल्या बऱ्याच शाळांत शिक्षकांनी हिरव्यानं विचारलं की मुलांनी जांभळ्या पेनानं उत्तर द्यायचं. रेवाचं जांभळं उत्तर: 'पूर्ण नाही. लिहिणाऱ्याला कसं ते माहीत नव्हतं, तर कुणी ते कसं माहीत होतं?' त्याला दोन बरोबरच्या खुणा आणि शेरा, की सेंट ऑगस्टीननंही या पानांवर बरंच डोकं खपवलं होतं.

वही मी माझ्या कपाटात ठेवलीय. रद्दीत जाऊ द्यायची नाही.


गुरुवार, 8 मे

युरोपातलं युद्ध संपल्याला आज 80 वर्षं. शाळेच्या मैदानावर लाल-पांढऱ्या-निळ्या पताका, सँडविच, रेवा माझी जुनी ओढणी डोक्याला बांधून 'इव्हॅक्युई'. दुसरं महायुद्ध हा त्यांचा वर्षभराचा इतिहास: रेशनची पुस्तकं, बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला गळ्यात लेबल बांधून खेड्यांत पाठवलेली लंडनची पोरं, म्हणजेच इव्हॅक्युई. त्यांच्या धड्यात हिंदुस्थानी फौज एका ओळीत उरकली होती, म्हणून रेवाला मी नाईक यशवंत घाडगे सांगितले. रायगडच्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनच्या चौकीवर एकटे चालून गेले आणि तिथंच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिनं ते वर्गात सांगितलं. मिसनं नकाशावर जागा शोधायला लावली.

संध्याकाळी पाचनंतर फोन टणटणायला लागले. पांढरा धूर! वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर पोलंड, केरळ, नायजेरिया, आयर्लंड सगळे एकदम. मला नाचणाऱ्या ननचा व्हिडिओ तीनदा आला. नवे पोप लिओ चौदावे: शिकागोत जन्म, पेरूत कितीतरी वर्षं काम, गणिताचे पदवीधर आणि ऑगस्टीनियन. रेवा पोळी खाता खाता थांबली. "वाटाणेवाल्याच्या मठातले?" मठ तो नाही गं, पंथ तोच. तिला हा फरक फारसा महत्त्वाचा वाटला नाही. गणिताची पदवी मात्र तिला आवडली.


सोमवार, 12 मे

सॅट्सचा पहिला दिवस. आज व्याकरण आणि स्पेलिंग. सकाळी शाळेतच नाश्ता: टोस्ट, बेगल, ज्यूस. लहानांसाठी दारावर 'शांतता' असा फलक.

परीक्षेच्या नियमानं भिंतीवरचे सगळे तक्ते झाकावे लागतात, पाढे आणि व्याकरण तर हमखास. रेवा सांगत होती की वर्ग पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या पार्सलसारखा दिसत होता. प्रश्नांचा फलकही झाकला. उघडा राहिला तो क्रूस आणि कोपऱ्यातलं प्रार्थनेचं टेबल, सध्या ईस्टरचा काळ म्हणून पांढऱ्या कापडाचं. एका मुलानं म्हणे हळूच विचारलं, तिथं बघितलं तर कॉपी होते का?

व्याकरणाच्या पेपराबद्दल माझं मत वाईटच आहे. अधोरेखित शब्द कोणत्या प्रकारचं क्रियाविशेषण आहे त्यावर बरोबरची खूण करा, हे क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा किंवा कल्पना दाखवणाऱ्या रूपात आहे का ते सांगा. आम्हीही कर्तरी, कर्मणी, भावे घोकलं आहे, त्यामुळे घोकण्याला माझी हरकत नाही. पण ज्या मुलीकडून धर्माच्या तासाला 'कारण दे' असं वदवून घेतात, तिनं इथं 45 मिनिटं चौकोनात खुणा करायच्या, आणि देशाच्या लेखी हिशेबात धरायचं ते हेच. धर्माच्या त्या वहीला गुण नाहीत, सरकारकडे तिचा आकडा जात नाही. गंमत म्हणजे धर्म हा पाठांतराचा विषय असेल असं मी धरून चालले होते आणि भाषा विचारांचा.


गुरुवार, 15 मे

संपल्या. आज गणिताचा तिसरा पेपर, मग दुपारभर मैदान. आता जुलैपर्यंत शेवटचं नाटक, सायकल चालवण्याचं प्रशिक्षण, रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गातल्या चिमुरड्यांना हाताला धरून मासला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनासभेला नेणं. मासमध्ये रेवाला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, मिळत नाही; तो बाप्तिस्मा झालेल्यांना. ती छातीवर हात आडवे धरून रांगेत जाते, फादर आशीर्वाद देतात, ती परत येते. तिची रिसेप्शनमधली जोडीदारीण तिच्यामागून तसेच हात धरून जाते. वयामुळे तिलाही अजून कम्युनियन नाही.

धर्माच्या तासाला आता इतर धर्म. हिंदू धर्माची वर्कशीट घरी आली: एकच ब्रह्म, त्याची तीन रूपं, ओम, दिवाळी. नीटनेटकं आहे, चूकही म्हणता येणार नाही. पण आमच्या देवघरातला खंडोबा त्यात कुठेच बसत नाही, आणि जेजुरीची हळद तर मुळीच नाही. मी पेन घेऊन समासात लिहायला बसणार होते. रेवानं वर्कशीट काढून घेतली: गृहपाठ तिचा आहे, आणि त्यात वेगळ्या धर्माच्या एका मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची आहे. मी चालणार नाही, कारण मला काय म्हणायचंय ते तिला आधीच माहीत असतं.


रविवार, 18 मे

आजीची मुलाखत. नाशिकला दुपारचे चार, आई चहाचा कप घेऊन, इस्त्रीची साडी नेसून बसलेली. पहिले प्रश्न सोपे होते: देव किती, उपास कोणते, खंडोबाला बकरं का. मग रेवानं कागद उलटला. "आजी, देव नाहीच असं तुला कधी वाटलं का?"

मी मध्ये पडणार होते. आईनं मला हातानंच गप्प केलं. "वाटलं ना. तुझ्या आजोबांच्या बायपासच्या वेळी. चार तास वाटत होतं."

"मग?"

"मग डॉक्टर बाहेर आले."

रेवानं लिहून घेतलं आणि विचारलं, "पण आजोबा बरे झाले ते डॉक्टरमुळे. मग देवाचं कारण काय?" आई म्हणाली, तू जेवून घे, मी विचार करून पुढच्या रविवारी सांगते. फोन ठेवल्यावर तिनं मला वेगळा मेसेज पाठवला: 'शाळा चांगली आहे. पण पोरीला सांग, गुरुवारच्या आत वही द्यायची असेल तर माझं उत्तर मिळणार नाही.'