दुखणं झोपेतून उठवतं का?

गेल्या वर्षी गणपती झाले आणि आठवड्याभरात माझं पोट बिघडलं. मोदक, जागरणं, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रसाद, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेतलंच नाही. पोटात गुबारा धरायचा, डावीकडे खाली कळ यायची, सकाळी दोन-तीनदा जाऊन यायचं तरी साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. आई फोनवर म्हणाली, अगं ओवा चावून खा, हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लाव. सगळं केलं, दोन दिवस बरं वाटायचं की परत तेच.

आता आमच्या घरात पोट म्हटलं की काका आठवतात. २०१९ मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, वय ५८. त्याआधी आठ महिने शौचावाटे रक्त जात होतं आणि त्यांनी मूळव्याध म्हणून मलम आणि कुणीतरी दिलेलं चूर्ण यावर काढले. पँट सैल व्हायला लागली तेव्हा काकूने खिळा तापवून पट्ट्याला दोन जादा भोकं पाडून दिली होती. दिवाळीत आम्ही सगळ्यांनी तो पट्टा पाहिला होता, म्हटलं काका बारीक झाले, छान दिसतायत. हॉस्पिटलमध्ये एकदा मी त्यांच्याजवळ एकटीच होते तेव्हा म्हणाले, "मी रोगाला घाबरलो नव्हतो गं, त्या तपासणीला लाजलो." २०२१ मध्ये काका गेले.

त्यामुळे माझ्या डोक्यात काय चालू असेल ते कळेल तुम्हाला. रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाईल घेऊन मी लक्षणं टाईप करायचे आणि काहीही टाकलं तरी तिसऱ्या-चौथ्या ओळीत तोच शब्द यायचा. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहायचे, चारशे ग्रॅम कमी दिसलं की हात गार पडायचे. दिवसातून दहा वेळा बोटांनी पोट दाबून बघायचे की गाठ लागते का, आणि इतकं दाबल्यावर दुखणारच ना, पण ते दुखणंही मी पुराव्यात धरायचे. एकदा शी लाल दिसली आणि मी अर्धा तास बाथरूमच्या फरशीवर बसून होते, आदल्या दिवशी दुपारी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती हे नवऱ्याने दाराबाहेरून आठवण करून दिली.

एवढी भीती, तरी डॉक्टरकडे गेले नाही. दोनदा अपॉइंटमेंट घेतली आणि दोन्ही वेळा ऑफिसचं काम सांगून रद्द केली, कारण जोपर्यंत कुणी बघत नाही तोपर्यंत ते ठरलेलं नाही असं वाटायचं. मध्ये मनानेच एक पोटाची सोनोग्राफी करून आले, नॉर्मल आली, चार दिवस शांत झोपले आणि पाचव्या दिवशी मनात आलं की मशीनला दिसलं नसेल तर? (सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी नीट दिसतात, आतड्याच्या आतलं मात्र फारसं दिसत नाही, हे मला नंतर कळलं.) त्या चार दिवसांच्या शांततेची सवय लागते, मग परत कुणीतरी "काही नाही" म्हणावं म्हणून जीव तळमळतो.

शेवटी डिसेंबरात नवरा सोबत आला आणि पोटाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी फाईल उघडायला लागले तर त्या म्हणाल्या, फाईल राहू दे, आधी सांगा. किती वेळा जाता, घट्ट की पातळ, जाऊन आल्यावर कळ कमी होते का, रंग कसा. भिंतीवर शीच्या सात प्रकारांचा चित्रांचा तक्ता होता, त्यातलं बोट ठेवून दाखवा म्हणाल्या. सदतीस वर्षांत मी ही गोष्ट आईशीसुद्धा इतकी उघड बोलले नव्हते. काकांचं वाक्य तेव्हा परत ऐकू आलं.

मग त्यांनी विचारलं, "दुखणं झोपेतून उठवतं का तुम्हाला?"

मी हो म्हणणारच होते आणि थांबले. मी जागी असायचे ती भीतीने. एकदा डोळा लागला की सकाळपर्यंत पोटाने मला कधीच उठवलं नव्हतं. एवढी लक्षणं शोधली, पण हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

पोट तपासलं, रक्त आणि शौचाची तपासणी झाली. हिमोग्लोबिन १२.४, थायरॉईड ठीक, आतड्याला सूज असली की शौचात जे कॅलप्रोटेक्टिन वाढतं तेही नॉर्मल. आयबीएस म्हणाल्या, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम. तीन महिने, आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस दुखणं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध, यावरून ते ओळखतात. आतडं दिसायला ठीक आहे पण फार हळवं झालंय. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सारखं बोलत असतं, त्यामुळे भीतीने मुरडा येतो आणि मुरड्याने भीती वाढते. "दुखणं खरं आहे, तुम्ही मनाने काही तयार करत नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मला तिथेच रडू आलं. इसबगोल, जेवणाच्या वेळा, रोज चालणं, एक गोळी. कोलोनोस्कोपीची (शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती तपासणी) आत्ता गरज नाही म्हणाल्या, पण कधी लगेच परत यायचं ते कागदावर लिहून दिलं.

तो कागद फ्रिजवर आहे. शौचात रक्त, मग मूळव्याध आधीपासून असली तरी. डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, म्हणून गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगायचं). काही न करता उतरत जाणारं वजन, रक्त कमी होणं, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, आणि पंचेचाळीस-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणं. यातलं काही असेल तर घरगुती उपायात महिने घालवू नका हो. आणि पोट टम्म फुगून उलट्या, वाराही सरत नाही, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं आणि ताप, किंवा रक्ताची उलटी, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. छातीच्या खाली जळजळ, दडपण आणि सोबत दरदरून घाम, धाप, हात किंवा जबडा दुखतोय तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, आधी ईसीजी. आपल्याकडे "गॅसच झालाय" म्हणत किती माणसं गेलीत.

भीतीवर वेगळं काम चालू आहे. समुपदेशकाकडे जाते, वजन फक्त रविवारी, पोट दाबायचं नाही, रात्री शोधाशोध नाही, त्याऐवजी वहीत दोन ओळी, काय खाल्लं आणि कसं झालं. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. ज्यांना समुपदेशक परवडत नाही किंवा जवळ नाही त्यांनी सरकारची टेली मानस हेल्पलाईन, १४४१६, लक्षात ठेवा, फुकट आहे आणि रात्रीही चालते, रात्रीच तर लागते.

आता जे सांगायला हे सगळं लिहायला बसले ते. मॅडमनी घरातली हिस्टरी विचारली तेव्हा मी काकांचं सांगितलं, त्या म्हणाल्या तुमच्यापेक्षा त्यांच्या मुलांना धोका जास्त आहे. आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर काही त्रास नसतानाही चाळिसाव्या वर्षी कोलोनोस्कोपी करून घ्यायची, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. काकांचा मुलगा, आमचा दादा, एक्केचाळीसचा आहे. इतके महिने मी रात्री जागून काढले आणि एकदाही दादा डोळ्यासमोर आला नाही.

त्याला फोन केला तर म्हणाला, "मला कुठे काय होतंय गं?" मी काकांचं ते वाक्य त्याला सांगितलं, त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तारीख घे.

येत्या शुक्रवारची मिळालीये. गुरुवारी दिवसभर पातळच घ्यायचं, संध्याकाळपासून ते पावडरचं दोन लिटर पाणी संपवायचं, त्यामुळे तो बुधवारी रात्रीच आमच्याकडे येतोय. मी दोन दिवस रजा टाकलीये.