हायकूवर ईस्पीक: गप्प म्हटलं की गप्प!

अखेर गप्प बसलं! हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमवर आता कळ दाबली की ईस्पीक-एनजी, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, अर्ध्या शब्दात थांबतं आणि मागचं शेपूट न ओढता नवं वाक्य सुरू करतं. मराठी बोलायला ते मागच्या नोंदीतच लागलं होतं, त्यानंतरचा सगळा वेळ त्याला थांबवण्यात गेला.

पंचवटीतले आमचे एक सर दिवसभर एनव्हीडीएवर, म्हणजे दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतात. पहिल्या चाचणीला त्यांनी ‘त्र्यंबकेश्वर’ ऐकलं, मान डोलावली, खालचा बाण दोनतीनदा दाबला आणि म्हणाले, “बोलतंय छान रे, पण ऐकून घेत नाही.” ईस्पीकचा नेहमीचा वेग मिनिटाला १७५ शब्दांचा. सर तो ४५० पर्यंत नेतात आणि पहिल्या अक्षरावरून ठरवतात की पुढे ऐकायचं की सोडायचं. त्यांच्यासाठी न थांबणारा आवाज म्हणजे न चालणारा कीबोर्ड.

गोम अशी की ईस्पीक आवाज ढकलतं आणि बीसाउंडप्लेअर, म्हणजे हायकूचा आवाज वाजवणारा भाग, तो ओढतो. ईस्पीकचा कॉलबॅक (ईस्पीक स्वतः हाक मारतं ते आपलं फंक्शन) तयार होतील तसे आवाजाचे नमुने हातात देतो, २२०५० हर्ट्झ, १६ बिट, एक चॅनल. मीडिया किट (हायकूची आवाज-चित्राची यंत्रणा) मात्र त्याला हवं तेव्हा रिकामा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, पुढे करून भरून मागतं. म्हणून मधे ३२७६८ नमुन्यांचा रिंग बफर होता, म्हणजे जवळजवळ दीड सेकंदाचं बोलणं. ईस्पीक तो क्षणात भरून टाकतं, त्यामुळे कळ दाबली तरी दीड सेकंद रांगेत उभाच. तेवढ्यात सर अख्खा मेनू फिरून येतात.

बफर लहान केला तर नुसता वेळ कमी होतो, दुखणं तसंच राहतं. आणि खरी अडचण वेगळीच निघाली. बफर भरला की कॉलबॅक सेमाफोरवर (कामांना अडवणाऱ्या-सोडणाऱ्या फाटकावर) जागेची वाट बघत थांबतो. इकडे ईस्पीकचं कॅन्सल तो कॉलबॅक परतण्याची वाट बघतं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि सगळं ठप्प. हायकूच्या स्वतःच्या डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) दोन्ही थ्रेडचे, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांचे, स्टॅक पाहिले तेव्हा हे उघड झालं. (या कामाला मला तो जीडीबी या दुसऱ्या डीबगरपेक्षा कितीतरी सोयीचा वाटतो.) आता क्रम असा: आधी ‘थांब’चा झेंडा, मग सेमाफोर मोकळा, मग कॅन्सल. कॉलबॅक जागा होतो, झेंडा बघून १ परत करतो आणि ईस्पीक ते वाक्य सोडून देतं.

ठप्प होणं गेलं आणि भूत आलं. ‘नाशिक रोड’वरून ‘सातपूर’वर गेलं की ऐकू यायचं ‘ड सातपूर’. जागा झालेला कॉलबॅक झेंडा बघण्याआधी हातातला तुकडा बफरमध्ये टाकत होता. कॅन्सलनंतर बफर पुसला तरी तोवर मीडिया किटने तो उचललेला असायचा. कधी यायचं, कधी नाही. लॉग लिहायला लागलं की हमखास गायब!

उपाय शेवटी साधा निघाला. प्रत्येक तुकड्यावर पिढीचा क्रमांक. थांबवायचं म्हणजे अ‍ॅटॉमिक-अ‍ॅडने तो क्रमांक, मधे दुसऱ्या कुणाला घुसू न देता, एकने वाढवायचा. वाजवणाऱ्या फंक्शनला जुन्या क्रमांकाचा तुकडा दिसला की तो टाकून द्यायचा. कोण कधी जागा झालं याने आता काही बिघडत नाही. मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागाला) दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून प्लेअरचा बफर १०२४ बाइटचा केला, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. मधेच तोडल्यावर ‘टक्’ असा आवाज यायचा, तर शेवटचे ११० नमुने उतरते केले. पाच मिलिसेकंदांचा तो उतार काय गोड लागतो म्हणून सांगू!

एक कळकळीची सूचना: ही चाचणी क्यूईएमू या आभासी संगणकामध्ये करू नका. तिथला उशीर आपला की व्हर्च्युअल साउंडकार्डाचा, हे कळतच नाही. एमजी रोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा कानांवर विश्वास ठेवता आला.

पुढे स्पीच डिस्पॅचर (लिनक्सवर प्रोग्राम आणि आवाज यांच्यातला मध्यस्थ) आणायचा बेत होता. पण ऑर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरला लागणारं एटी-एसपीआय (खिडक्या-बटणांची माहिती पुरवणारी सोय) हायकूवर नाही, मग डिस्पॅचर आणून त्याच्याशी बोलणार कोण? त्यापेक्षा बीमेसेज (हायकूतले प्रोग्रामांमधले निरोप) घेणारा छोटा सर्व्हर लिहायचा. कळ पकडायला इनपुट सर्व्हरचा (हायकूत कीबोर्ड-माऊस सांभाळणाऱ्या भागाचा) फिल्टर, आणि त्याने सर्व्हरला निरोप...

थांबा, निरोप कशाला? हे लिहिता लिहिता सुचलं: पिढीचा क्रमांक सामायिक एरियात (दोन्ही प्रोग्रामांना दिसणाऱ्या मेमरीत) ठेवला तर फिल्टर स्वतःच तो वाढवू शकेल. निरोपांची रांग तुंबली तरी आवाज थांबेल, आणि फिल्टर कशासाठीच अडणार नाही. ते फार महत्त्वाचं, कारण तो अडला तर सगळा कीबोर्डच गोठतो. म्हणजे आधी हेच.

त्यानंतर ‘हे’ (hey) या, चालू प्रोग्रामला प्रश्न विचारणाऱ्या, कमांडच्या वाटेने बटणांची लेबलं वाचणं. बीकंट्रोल (हायकूत बटणांसारख्या घटकांचा पाया) आपलं लेबल आणि व्हॅल्यू मागितल्यावर देतं, पण फोकस बदलल्याचं आपणहून सांगत नाही. त्यावर कुणाकडे तोड असेल तर जरूर कळवा. आणि ३२-बिट हायकू चालवणारं कुणी असेल तर पॅकेज पाठवतो. माझ्याकडे फक्त ६४-बिट आहे.