नाडेप अपडेट: सळई एकदाची तापली

काल नाडेपच्या, म्हणजे विटांच्या भोकं ठेवलेल्या कंपोस्ट टाक्याच्या, पोटात खुपसलेली सळई बाहेर काढली आणि हाताला चटका बसला. टाक्याचा मधला भाग काही केल्या तापत नाही, हे माझं मागचं रडगाणं ज्यांनी वाचलंय त्यांना याचा आनंद कळेल.

टाकं तेच, १० बाय ६ बाय ३ फूट. वरचा थर गरम, कडेच्या भोकांतून वाफ, पण मधे ढिम्म. शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) वाढवून पाहिला. गाझियाबादच्या डिकंपोजरचं (काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं) द्रावणही ओतलं, २०० लिटरला २ किलो गूळ घालून. वास मात्र सडक्या अंड्यांचा! शेवटी एका बाजूच्या विटा काढून आत पाहिलं, तर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भिजून पुठ्ठ्यासारखं थापलं गेलेलं. वरून ओतलेलं सगळं त्यावरून कडेला पळत होतं, आणि खाली हवेला वाटच नव्हती. ही पद्धत काढणाऱ्या पुसदच्या नाडेपकाकांचा (ना. दे. पांढरीपांडे) मूळ हिशेब अख्ख्या टाक्याला साधारण १०० किलोच शेणाचा आहे, तो उगाच नाही. भोकं आहेत ती हवेसाठी. जिवाणूंचं कल्चर विकणारे दुकानदार मात्र दर वेळी आणखी एक बाटली गळ्यात मारतात.

तोड निघाली पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांतून. बोटभर तुकडे करून कुटाराच्या दर चार बोटं थरावर पसरले, मग शेणकाला, मग चाळलेली माती. ओल इतकीच, की मूठ दाबली तर बोटांच्या फटी ओलसर व्हाव्यात, थेंब गळू नये. आठवड्याच्या आत वास गेला, आणि काल चटका. पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून मला ही उष्णता हवीच होती.

पऱ्हाटीचे तुकडे करायला श्रेडर यंत्र भाड्याने आणणार असाल तर आधी पाती बघा. बोथट पातं पऱ्हाटी कापत नाही, सोलतं, आणि सालीचे दोर रोटरला असे गुंडाळतात की विळ्याने कापत बसावं लागतं.

जाड खुंट उरलेत. त्यांचा शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात कोळसा करून, गोमूत्रात भिजवून थेट वावरात टाकायचा बेत होता. पण हे लिहिताना वाटतंय, तो टाक्याच्या थरांतच का घालू नये? नत्र धरून ठेवेल आणि वेगळं भिजवायची कटकट वाचेल. ठरलं तर मग: दुसऱ्या टाक्यात मधोमध तुराट्यांची (तुरीच्या काड्यांची) ताटी, एका बाजूला कोळसा घालून, दुसरीकडे नुसतं कुटार-पऱ्हाटी. कोळशाच्या खड्ड्याच्या कडांना उतार किती ठेवता, तेवढं कोणीतरी सांगा. आमची काळी माती कोरडी झाली की ढासळते.